मोतिया आणि नीळ

आईच्या खोलीच्या भिंतीवर ते दोन चौकोन डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत राहिले. खिडकीच्या डाव्या हाताला, दीड-दीड हाताचे, एकमेकांना खेटून. रंगाऱ्याने ते काढले, ब्रश धुतला आणि म्हणाला, “दोन दिवस बघा ताई. तिसऱ्या दिवशी फोन करा, चौथ्या दिवशी मी कामाला लागतो.” त्या दोन दिवसांचे चार महिने झाले. त्याने मधे दोनदा फोन केला, मग तोही थांबला. घरात येणारा प्रत्येक जण त्या चौकोनांपुढे उभा राहून आपलं मत देऊन गेला.

एक मोतिया होता. दुसऱ्याला आम्ही नीळ म्हणत होतो. दोन्ही पांढऱ्याच्या इतके जवळचे, की दारातून डोकावणाऱ्याला भिंत नुसती डागाळलेली वाटावी. जवळ गेलं की कळायचं. एकात साय धरलेल्या दुधाचा पिवळेपणा होता, दुसऱ्यात धुतलेल्या धोतराची निळसर झाक. मला नीळ हवा होता. आईला मोतिया. आम्हा दोघींत इतक्या वर्षांत साडीवरून, स्वयंपाकावरून, माझ्या नोकरीवरून मतभेद झाले असतील. भिंतीवरून हा पहिलाच. कारण याआधी भिंतीचा रंग निवडायची वेळ आईवर कधी आलीच नव्हती. हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं.

खोली उत्तरेची. आई कायमची पुण्याला यायचं ठरलं तोपर्यंत तिथे जुनी पुस्तकं, मुलीची सायकल आणि पाहुण्यांच्या गाद्या असायच्या. बाहेरच्या भिंतीला एका कोपऱ्यात ओल होती, तिथले पोपडे खरवडून, बाहेरून प्लास्टर दुरुस्त करून, एक उन्हाळा वाळू देऊन मग आतून लांबी भरली होती. पॉलिश पेपरने घासून भिंत शहाळ्याच्या आतल्या मलईसारखी गुळगुळीत केली होती. पांढऱ्या अस्तराचा एक हात झाला होता. एवढी तयारी झाल्यावर रंग निवडणं म्हणजे आता शेवटचं, सोपं काम, असं मला वाटलं होतं.

मी नीळ का म्हणत होते, ते सांगायला आमच्या कोकणातल्या घरी जावं लागेल. रत्नागिरीच्या उत्तरेला, खाडीपासून आत, जांभ्याच्या चिऱ्यांचं घर. बाहेरून चिरे तसेच उघडे, आतून मातीचा गिलावा आणि त्यावर चुना. दर वर्षी श्रावणात, गणपतीच्या आधी, चुना लागायचा. बाबा कळीचा चुना आणायचे. मागच्या पडवीत पिंपात पाणी भरून त्यात कळ्या सोडल्या की पिंप हळूहळू बोलायला लागायचं. आधी बुडबुडे, मग खदखद, मग वाफ. चुलीशिवाय पाणी उकळतं, याचं आम्हा मुलांना अपार नवल, आणि “लांब व्हा, डोळे जातील” ही आईची हाक. विरलेला चुना दुसऱ्या दिवशी धोतराच्या तुकड्यातून गाळायचा, त्यात मूठभर मीठ टाकायचं आणि शेवटी नीळ. कपड्यांना घालतात तीच, पुडीतली. ती मात्र आई घालायची. पुडीचा कोपरा फाडून ती चिमटीने नीळ सोडायची, पांढऱ्याशुभ्र लगद्यात ती गडद निळी रेघ फिरायची आणि दोन वळशांत नाहीशी व्हायची. रंग बदलला असं कोणालाच वाटायचं नाही. पण नीळ न घातलेल्या चुन्याची भिंत नीळ घातलेलीपुढे मळलेली दिसते. पांढऱ्यातला जो पिवळेपणा डोळ्यांना खुपतो, त्याला निळा मारतो. खरं तर भिंतीवरून येणारा उजेड नीळ घातल्यावर किंचित कमीच होतो, तरी डोळा तिला जास्त पांढरी म्हणतो.

चुना लावताना भिंत ओली आणि करडी दिसायची. लावलं की नाही हेही समजायचं नाही. गडी दोन खोल्या पुऱ्या करून विडी ओढायला बसला, की मागे पहिली खोली आपोआप उजळत यायची. विरलेला चुना हवेतला कर्बवायू ओढून घेतो आणि पुन्हा दगड होतो, म्हणजे भट्टीत भाजण्यापूर्वी तो जो होता तेच. आमच्याकडे पूर्वी शिंपले भाजून चुना करत. समुद्रातला शिंपला भट्टीतून, पिंपातून, कुंचल्यातून जाऊन आमच्या माजघराच्या भिंतीवर पुन्हा शिंपला व्हायचा. हे रसायन मला शाळेत कळलं, पण त्या उजळत येणाऱ्या खोलीत अनवाणी उभं राहिल्याची आठवण त्याच्याही आधीची आहे. थंड, निळसर, किंचित ओलसर वासाचा तो पांढरा. मे महिन्यात भर दुपारी बाहेरून माजघरात आलं की डोळ्यांवर कोणी गार पाण्याची पट्टी ठेवावी तसा.

आईला पुण्यात तीच भिंत द्यावी, एवढंच माझ्या मनात होतं. अंगण देता येत नव्हतं, विहीर देता येत नव्हती, शेजारपाजार देता येत नव्हता. भिंतीचा रंग देता येत होता.

आईने रंगाच्या दुकानातलं ते जाडजूड पुस्तक मांडीवर घेतलं, दहा मिनिटं पानं उलटली आणि बोट ठेवलं. “हा. मोतिया.”

त्या चौकटीखाली लिहिलेलं नाव वेगळंच होतं. कुठल्यातरी परदेशी वाळवंटाचं, आणि त्याखाली आकडा. पुस्तकात शेकडो चौकटी होत्या, आणि नावं अशी की त्यांतून रंग डोळ्यांपुढे येऊ नये. आई मात्र पान उलटत भराभर बोलत गेली. हा अबोली. हा पिस्तई. हा केतकी, हा गव्हाळ, हा बदामी. हा आमसुली, हा नको, खोली काळोखी होईल. हा चिंतामणी, माझ्या मावशीची पैठणी होती तसली. हा पारवा. हा विटकरी. मी ऐकत राहिले. तिने ही नावं भिंतींवरून घेतली नव्हती. सगळी लुगड्यांची, खणांची, फुलांची, फळांची, पाखरांची होती. आपल्या भाषेत रंगाला नाव मिळालं ते कुठल्या तरी वस्तूला हात लावून. आमसूल चाखलेल्या माणसालाच आमसुली कळतो. आणि या पुस्तकात शेकडो रंग असूनही आईला एकाही चौकटीसाठी शब्द शोधावा लागला नाही.

“पण आपल्या घरी तर निळसर असतो ना,” मी म्हटलं. “तसाच लावू की.”

“तो चुना गो,” ती म्हणाली. “चुना काय, सगळ्यांकडेच असतो.”

दुकानातल्या मशीनखाली डबा उघडा ठेवतात आणि वरून थेंब पडतात, हे पाहायला मी मुद्दाम थांबले. दोन्ही डब्यांत मूळ पांढरा एकच. मोतियाच्या डब्यात पिवळ्या ऑक्साइडची बारीकशी धार पडली, मग लाल ऑक्साइडचा ठिपका, मग काळ्याचा त्याहून बारीक. निळीच्या डब्यात निळा आणि काळा. झाकण ठोकून डबे हलवायच्या यंत्रात घातले आणि मिनिटभराने दोन घरं तयार झाली.

तो पिवळा ऑक्साइड म्हणजे आपली पिवडीच. मातीतली पिवडी डोंगरात मिळते, कारखान्यातली रसायनातून. आत लोखंड तेच. पिवडी तव्यावर भाजली की तिच्यातलं पाणी उडतं आणि ती लाल होते. पिवडी आणि काव या सख्ख्या बहिणी, एकीला आच लागलेली. अजिंठ्याच्या भिंतींवर ह्या दोघी जागोजागी आहेत. तिथल्या चित्रकारांना त्या आसपासच्या डोंगरांत मिळत होत्या. निळा मात्र जवळपास नव्हता. पाचव्या शतकातल्या चित्रांत जो खोल निळा दिसतो तो लाजवर्दाचा, आणि तो खडा बदख्शानातून, म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातल्या खाणींतून आलेला. वाघूर नदीच्या त्या घळीपर्यंत तो किती जणांच्या हातांतून, किती जनावरांच्या पाठींवरून आला असेल! युरोपातले चित्रकार पुढे हजार वर्षांनी हाच निळा सोन्याच्या भावाने घेत. मग 1828च्या सुमारास फ्रान्समध्ये तोच रंग कारखान्यात करायची रीत सापडली, आणि त्यानंतर तो इतका स्वस्त झाला की कपडे धुण्याच्या पुडीत येऊन बसला. आई चिमटीने चुन्यात सोडायची ती नीळ म्हणजे अजिंठ्यातल्या निळ्याचीच कारखान्यातली लेक.

आणि दोन्ही डब्यांत होता तो पांढरा? तो टायटॅनियमचा. आधी तेलरंगातला सफेदा शिशाचा असे आणि रंगाऱ्यांच्या पिढ्यांनी ते शिसं अंगात घेतलं. सफेदा गेला तरी शिसं इतर रंगांतून, वाळवणीच्या औषधांतून रेंगाळत राहिलं. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर दशलक्ष भागांत 90 भागांची मर्यादा 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली, म्हणजे अगदी अलीकडे. टायटॅनियमचा पांढरा विसाव्या शतकातला, आणि त्याचं खनिज आमच्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही आहे. काळबादेवीच्या वाळूत लाटा मागे गेल्यावर काळ्या रेघा उमटतात, पायाला जड लागतात, उन्हात जास्त तापतात. लहानपणी आम्ही ती वाळू लोहचुंबकाने वेचायचो. त्या काळ्या वाळूत इल्मेनाइटही असतं. जगातला सगळ्यात झाकणारा पांढरा रंग अशा काळ्या वाळूतून निघतो, हे मला पन्नाशीत कळलं आणि त्या दिवशी मी आईला ते दोनदा सांगितलं. “मग आपलीच वाळू परत आली म्हणायची,” ती म्हणाली.

चौकोन वाळल्यावर पहिला धक्का बसला. हे रंग चुन्याच्या उलट वागतात: ओले असताना फिकट, वाळल्यावर एक पायरी गडद. मोतिया पुस्तकातल्यापेक्षा पिवळा दिसत होता आणि नीळ जवळजवळ आकाशी. रंगाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, “ते एकमेकांमुळं तसं दिसायलंय ताई. मधल्या रेषेवर हात धरून बघा.”

मी तळहात मधे धरला आणि दोघेही शांत झाले. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं, वीस वर्षं भिंतींसमोर उभं राहून कळलं होतं. पॅरिसमध्ये गोबेलँच्या गालिचा-कारखान्यात मिशेल शेव्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ रंगाई पाहायचा. काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार आली, त्याने काळा तपासला तर तो ठीकच होता. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांनी त्याला फिका केलं होतं. त्यावर त्याने 1839 मध्ये अख्खा ग्रंथ लिहिला. शेजारी बसलेले रंग एकमेकांना आपापल्या टोकाकडे ढकलतात. मोतियाच्या कडेला नीळ अधिक निळी, निळीच्या कडेला मोतिया अधिक पिवळा. दोन रंगांतला कुठला लावायचा हे ठरवायला आपण त्यांना शेजारी ठेवतो, आणि तेवढ्यानेच दोघांनाही खोटं करतो. लावायचा तर एकच असतो. मी दुसऱ्या दिवशी निळीचा नवा चौकोन समोरच्या भिंतीवर काढायला लावला, तेव्हा कुठे दोघे आपापल्या जागी बसले.

मग मी बघत राहिले. उत्तरेच्या खिडकीतून ऊन येतं ते उन्हाळ्यात, तेही सकाळ-संध्याकाळ तिरकं. बाकी वर्षभर फक्त आभाळाचा उजेड, आणि आभाळाचा उजेड निळाच. सकाळी नऊला नीळ स्वच्छ, ताठ दिसायची, आणि ढग आले की तिच्यावर दवाखाना उतरायचा. हा शब्द मी त्या वेळी मनात दाबून टाकला. मोतिया त्याच उजेडात निवून पांढरा व्हायचा. त्याचा पिवळेपणा उत्तरेचं आभाळ पिऊन टाकायचं. दुपारी खाली कडुनिंबावर ऊन पडलं की त्याचा हिरवा कवडसा छतावर यायचा आणि दोघांनाही किंचित शेवाळी करायचा. रात्री पिवळ्या दिव्याखाली नीळ राखेसारखी, मोतिया समईच्या खोलीसारखा. पांढऱ्या ट्यूबखाली पुन्हा सगळं पालटायचं.

सगळ्यात सुंदर वेळ दिवेलागणीआधीची. मी दिवा न लावता खुर्चीत बसायचे. आईच्या पलंगावरची लाल चौकड्यांची चादर आधी काळी पडायची. पिवळा मागोमाग विझायचा. आणि त्या वेळी समोरच्या भिंतीवर नीळ जणू आतून उजळायची, खोलीतल्या प्रत्येक गोष्टीहून जास्त. पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात हे टिपून ठेवलं: अंधार पडू लागला की डोळा लालला आधी सोडतो आणि निळ्याला शेवटपर्यंत धरून ठेवतो. ती दहा मिनिटं मी माजघरात असायचे. त्या दहा मिनिटांच्या जोरावर मी आईशी महिनाभर वाद घातला.

आई म्हणायची, “तो तुझा रंग मळकट दिसतो. पोतेरं फिरवल्यासारखा.” मला ते नुसतं हट्टाचं वाटायचं. त्या स्वच्छ रंगाला मळकट कसं म्हणवतं कोणाला?

जानेवारीत तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डावा दीड-दोन महिन्यांनी करू म्हणाले. दुसऱ्या दिवशी पट्टी काढून आम्ही घरी आलो. काळा चष्मा होता. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सकाळी ती आपल्या खोलीत पलंगावर बसली होती, चष्मा काढून. मी चहा घेऊन गेले तर तिने डाव्या डोळ्यावर तळहात धरला होता. मग तो काढून उजव्यावर धरला. पुन्हा डाव्यावर.

“दुखतंय का?”

“नाही गो. हे बघ.” तिला मला काय दाखवायचं होतं ते मला दिसणार नव्हतं, पण ती बोट दाखवून सांगत गेली. उजवा डोळा झाकला: “हा मोतिया, पांढरा. तो तुझा, मळका.” डावा झाकला. थांबली. “हा पिवळा आहे, चांगला पिवळा. आणि तो निळा आहे गो. निळा. स्वच्छ आहे.” तळहात काढून दोन्ही डोळ्यांनी पाहिलं, गोंधळली, हसली. “आता कुठला खरा?”

मी पलंगावर तिच्या शेजारी बसले. आमचा चहा गार झाला. तिने खोलीतल्या एकेक वस्तूला दोन्ही डोळे आळीपाळीने लावले. उशीचा अभ्रा. भिंतीवरचं कॅलेंडर. माझे केस. “तुझे एवढे पिकलेत?” हेही तिला त्या दिवशीच दिसलं.

डोळ्यातलं भिंग वयाबरोबर पिवळं होत जातं, पुढे तपकिरी. ते पिवळं भिंग निळा उजेड आत येऊ देत नाही. दर वर्षी कणाकणाने होतं म्हणून माणसाला कळत नाही. मन सावरून घेतं, पांढऱ्याला पांढरंच म्हणत राहतं. त्या भिंगातून निळसर पांढऱ्यातला निळा गळून पडतो आणि उरतो तो नुसता करडेपणा. मोतिया आणि पांढरा यांतला फरक पुसला जातो. आई मळकट म्हणत होती, कारण तिला ती भिंत मळकटच दिसत होती. क्लोद मोनेचं असंच झालं होतं. त्याच्या जिव्हर्नीच्या तळ्यावरचा पूल त्या काळातल्या चित्रांत तांबडा, तपकिरी, जळालेला दिसतो. 1923 मध्ये त्याच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि मग सगळं फार निळं दिसतं म्हणून तो वैतागला. डावा डोळा त्याने करूच दिला नाही. आणि आपल्या भाषेने या रोगाला नाव दिलं तेही मोत्याचंच. मोतिया हा रंग आणि मोतीबिंदू हा विकार. आई एकाच मोत्यातून दुसरा बघत होती.

त्या रात्री मला झोप लागेना. पहाटे तीनच्या सुमारास उठून मी फोनमधले जुने फोटो काढले. दर वर्षीचे गणपतीचे. मखर, त्यामागे माजघराची भिंत. फोनच्या रंगावर विसंबता येत नाही, ते मला माहीत होतं. कॅमेरा आपल्या मनाने पांढरं ठरवतो. म्हणून मी मखराच्या दोन्ही बाजूंना टांगलेले थर्माकोलचे पांढरे हंस बघत गेले, ते दर वर्षी तेच असत. हंसांशेजारी भिंत. नऊ वर्षांपूर्वी हंस आणि भिंत यांत फरक शोधावा लागत होता. सहा वर्षांपूर्वी भिंत निळसर. तीन वर्षांपूर्वी फिकी आकाशी. मागच्या वर्षी तर हंस पाण्यावर असावेत तसे.

आणि मग एकेक आठवत गेलं. बाबा गेल्यावर चुना लावणाऱ्या गड्याला आईच सांगायची. “अजून पुडी घाल. पिवळट दिसतंय.” तो एकदा मला बाजूला घेऊन म्हणाला होता, “ताई, आजी नीळ फार घालायला सांगतात.” मी म्हटलं होतं, घाल रे, तिला आवडतं तसं होऊ दे. दर वर्षी श्रावणात ती डोळ्यांवर चढलेला पिवळा भिंतीवरून पुसायचा प्रयत्न करत होती. एक पुडी, मग दोन, मग चार. तिला निळी भिंत नकोच होती. तिला पांढरी हवी होती, लग्न होऊन त्या घरात आली तेव्हा होती तशी. आणि मी चार दिवसांच्या सुट्टीत जाऊन ती भिंत डोळ्यांत भरून आणत होते, ‘आमच्या घरचा निळा’ म्हणून. पुण्याच्या भिंतीवर मी तिला जे द्यायला निघाले होते तो तिचा मोतीबिंदू होता.

लहानपणीच्या माजघरात नीळ नव्हती असं नाही. होती, चिमूटभर. पण त्या चिमटीला मी मनातल्या मनात किती पुड्या घातल्या आहेत, हे आता मला सांगता येणार नाही. तो गार निळसर पांढरा मी सात वर्षांची असताना पाहिला की सत्तेचाळीस वर्षांची असताना, तेही नाही.

आईला मी हे सांगितलं नाही. सांगायचा धीर झाला नाही. इतकी वर्षं डॉक्टरकडे नेलं नाही, ही माझी चूक त्या निळ्या फोटोंत तारखेवार लिहिलेली होती. दृष्टी कमी झाली म्हणून ती कधी कुरकुरली नाही. ती फक्त भिंत पिवळट म्हणत होती, आणि ते ऐकायला तिथे मी होते.

मार्चच्या सुरुवातीला डावा डोळा झाला. आठवड्याभराने मी विचारलं, “आता सांग. कुठला?” आता मला स्वतःचं मत नव्हतं. निळीवरचा हक्क मी सोडून दिला होता. ती मात्र दोन दिवस दोन्ही भिंतींसमोर बसली. सकाळी, दुपारी, दिवा लावून, दिवा मालवून. संध्याकाळची ती दहा मिनिटंही मी तिच्याबरोबर बसले, आणि चादर विझून नीळ उजळली तेव्हा ती हळूच म्हणाली, “सुरेख दिसतो.” मला वाटलं, संपलं, आता हिला नीळ हवा.

“मोतिया लाव,” ती म्हणाली.

“पिवळा दिसतो म्हणालीस ना?”

“मग? पिवळाच हवाय मला. माझ्या माहेरी चुना, सासरी चुना. बाबांची बदली झाली तेव्हा ते क्वार्टर, तिथेही चुना. तिथे समोर साहेबांचा बंगला होता. त्यांच्याकडे हळदीकुंकवाला गेले होते, त्यांची बसायची खोली मोतिया होती. अशी ऊन घरात आणून ठेवल्यासारखी. तेव्हापासून मनात आहे.” मग थोडं थांबून, “ही खोली उत्तरेची. निळा लावलास तर पावसाळ्यात मी इथे गारठेन गो.”

पन्नास-पंचावन्न वर्षं तिने तो रंग मनात ठेवला होता, आणि मला ते माहीत नव्हतं. आणि तिचा तर्कही बरोबर होता. त्या उत्तरेच्या, आभाळी उजेडाच्या खोलीला मोतियाच हवा होता. आवडीनिवडी बाजूला ठेवून केवळ खोलीकडे बघून कोणी मला विचारलं असतं, तर मी दवाखान्याचा तो शब्द गिळला नसता.

रंगारी एप्रिलमध्ये आला. दोन हात मारले. चारही भिंती झाल्यावर मोतिया चौकोनातल्यापेक्षा दाट दिसू लागला, कारण आता चारी बाजूंनी एक भिंत दुसरीवर आपला रंग पाडत होती. छत त्याने पांढरं ठेवलं, तरी खाली भिंतींजवळ त्यावरही उन्हाची चाहूल लागल्यासारखं होतं. रंगारी सामान आवरताना आईला म्हणाला, “आजी, पसंत?” तिने त्याच्या हातावर बेसनाचा लाडू ठेवला.

नारळी पौर्णिमेनंतर आम्ही गावी गेलो, गणपतीची साफसफाई करायला. घर डिसेंबरपासून बंद होतं. मी कुलूप काढलं, ओटीवरच्या खिडक्या उघडल्या, माजघराचं दार लोटलं. आई माझ्या मागून आली आणि उंबऱ्यातच थांबली.

“हे एवढं निळं कोणी केलं गो?”

मी हातातल्या पिशव्या खाली ठेवल्या. ती भिंतीजवळ गेली. एका डोळ्यावर हात धरला, मग दुसऱ्यावर. सवयीने. आता दोन्हींतून सारखंच दिसत होतं.

“तूच,” मी म्हटलं. “दर वर्षी पुडी वाढवायला सांगायचीस.”

ती बराच वेळ काही बोलली नाही. भिंतीवरून हात फिरवला, तळहाताला लागलेला चुना पाहिला.

“मग तू काही म्हणाली नाहीस कधी.”

“मला वाटलं, तुला आवडतो.”

“मला पांढरं हवं होतं,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गड्याने मागच्या पडवीत चुना विरवला. पिंप तसंच खदखदलं. गाळून, मीठ घालून झाल्यावर तो चार पुड्या हातात घेऊन आईकडे बघत उभा राहिला. तिने एकच घेतली, कोपरा फाडला आणि चिमटीने थोडीशी सोडली. कुंचल्याने ढवळून त्याने पडवीच्या भिंतीवर वीतभर पट्टा ओढला. पट्टा करडा, ओला, नसल्यासारखा.

“अजून घालू आजी?”

“ओलं असताना कळत नाही,” आई म्हणाली. तिने बाकडं ओढलं, मला शेजारी बसायला जागा केली, आणि आम्ही तो पट्टा वाळायची वाट बघत बसलो.